दरबारा सिंगच्या पेटीची मोरी

मोरी म्हणजे आपल्याकडे भांडी घासायची जागा. पंजाबात मोरी म्हणजे भोक. सोनं गाळायच्या धंद्यात माझी इतकी वर्षं कोट सहजाच्या बाजारात गेली, तरी खानापूरकडून कुणी पाहुणा आला आणि शेजारच्या दुकानाची पाटी मी त्याला वाचून दाखवली की तो हमखास विचारतो, "हे सरदारजी न्हाणीघरं बांधतात काय?" मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

शेजारचं दुकान मिस्तरी दरबारा सिंगचं. माझी भट्टी आणि त्याचा वेल्डिंगचा सेट एकाच भिंतीला पाठ लावून बसलेत. माणूस मनानं मोठा, पण तोंडानं त्याहून मोठा. नांगर, ट्रॉल्या, हवेल्यांची फाटकं, सगळं जाड काम. वीज कमीजास्त करायचं सेटचं चाक त्यानं कधीकाळी शेवटच्या आकड्यावर नेलं होतं आणि ते तिथंच गंजलं होतं. "पातळ काम बायकांचं," असं तो म्हणायचा, आणि आतून त्याची बायको नसीबो म्हणायची, "मग जाड पोळ्या लाटते आज तुम्हाला."

या माणसानं एकदा हौसेनं बहिणीला पिठाचं पिंप करून दिलं. बूड जाड, अंग पातळ पत्र्याचं, आणि सेटचं चाक जिथं होतं तिथंच. पत्र्याला जिथं वेल्डिंगची काडी लागली तिथं भोक. वरून त्यानं रंगाचे थर चढवले आणि पिंप पाठवून दिलं. वर्षभरात रंग सुटला आणि उंदरांना रस्ता मिळाला. बहिणीची थोरली जाऊ बचिंत कौर ही त्या पंचक्रोशीतली बोल्या गाणारी. लग्नकार्यात एकमेकांच्या पाहुण्यांवर शिव्यांची गाणी रचून म्हणायची तिकडे रीतच आहे आणि त्यात हिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढच्याच बारशाला तिनं दरबाराच्या तोंडावर टाळ्या पिटत म्हटलं:

"मामानं आणलं पिंप गं, पिंपाला मोऱ्या बारा,
पीठ खाल्लं उंदरांनी, आम्हाला नुसता वारा!"

सगळा मांडव हसला. मीही हसलो, कारण खोटं कशाला सांगू, बोली झकास होती. दरबारा मात्र जेवला नाही.

त्याचं कारण ऐकाल तर तुम्हालाही घास उतरायचा नाही. त्या मुलखात एकदा घराण्याला नाव चिकटलं की पिढ्यान्पिढ्या सुटत नाही. आमच्याच बाजारात भुसेवाले म्हणून एक घर आहे. त्यांचा पणजोबा म्हणे सावकाराला भिऊन भुशात लपला होता. पणजोबा गेला, सावकार गेला, नातवंडं कॅनडात पोचली, पण तिथंही त्यांना भुसेवालेच म्हणतात. दरबाराला रात्रंदिवस तीच धास्ती. "मराठ्या," तो मला म्हणाला, "आणखी एकदा त्या बाईच्या तोंडी सापडलो ना, की संपलं. माझा नातू शाळेत जाईल आणि मास्तर हजेरी घेताना म्हणेल, मोरीवाल्यांचा कोण आलाय?"

आणि अशात भाचीचं लग्न ठरलं.

भाची रूपी मामाची लाडकी. लग्नात आजोळच्या माणसांनी, म्हणजे नानक्यांनी, वाजतगाजत आहेर घेऊन यायचं आणि त्यात रजया ठेवायची मोठी लोखंडी पेटी असायचीच. पेटी म्हणजे आपली ट्रंक नव्हे. चार माणसं उचलतात आणि त्यातला एक कमरेत धरतो. खाली जाड अँगलची चौकट, जाड पाय, कडीकोयंडा जाड पट्टीचा आणि अंग सगळं पातळ पत्र्याचं. म्हणजे ज्या कामात दरबाराची अब्रू गेली, नेमकं तेच.

"बाजारातनं तयार आणा," नसीबो म्हणाली.

"मिस्तरीनं भाचीला विकतची पेटी द्यायची? मग तर बचिंत कौरला बोली रचायचेही कष्ट नाहीत."

"मग रिवेट मारा. सगळे मारतात."

"रिवेट म्हणजे काय गं? आधी मोरी पाडायची आणि मग तिच्यात खिळा कोंबायचा. ती बाई मोजत बसेल!"

समोरच्या रस्त्यावर गॅसवर पातळ काम करणारा टोनी होता. तो एका दुपारीत करून देतो म्हणाला. त्याचं नाव काढल्यावर दरबारानं मला त्या दिवशीचा चहा पाजला नाही.

झालं. थंडी सुरू झाली तसा दरबारा पातळ पत्र्याच्या मागं लागला. जस्ताचा पत्रा त्यानं आधीच बाद केला, कारण तो जाळला की पांढरा धूर निघतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. काळा पत्रा आणला. घण घालून सेटचं चाक खाली आणलं. पेन्सिलीएवढ्या काड्या सोडून दाभणाएवढ्या काड्या घेतल्या. आणि रोज सकाळपासून भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं: चर्र, चर्र, फट्, आणि मग एक शिवी. फट् म्हणजे मोरी. शिव्या त्यानं पत्र्यापासून सुरू केल्या, मग वीजमंडळ, मग शेतकरी. कारण शेतातल्या मोटारी बंद झाल्या की बाजारातली वीज एकदम चढायची आणि बरोबर त्याच क्षणी पत्रा जळायचा. बाजारातले लोक जाता-येता विचारायचे, "मिस्तरी, चाळण्यांची ऑर्डर मिळाली वाटतं?" मीही विचारलं एकदा. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही, निदान त्या दिवशी.

मग मला त्याची दया यायला लागली. आधीचा दरबारा गडगडायचा, ते बरं होतं. हा नवीन दरबारा गप्प बसून जळक्या पत्र्यातनं आभाळाकडं बघायचा.

एका दुपारी आम्ही उन्हाला बसलो होतो. नसीबो साग, म्हणजे मोहरीचा पाला, निवडत होती. दरबारा म्हणाला, "ती बाई माणूस नाहीच. एवढ्या वर्षांत इतक्या लग्नांत इतक्या लोकांना शिव्या दिल्या, पण एकही पाहुणा उठून गेला नाही. माझ्यावर बोलली तेव्हा मीसुद्धा बसूनच राहिलो. कसं जमतं तिला?"

"त्यात काय आहे?" नसीबो म्हणाली. "ती बोली मारते ती नेहमी जाड कातडीच्यावर. नवऱ्यामुलाचा भाऊ नाजूक असला ना, तर त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाही. शेजारचा ढेरपोट्या काका धरेल आणि त्याला तापवेल. त्याला काय, तो पचवतो. त्याची झळ लागते तेवढी नाजूकाला पुरते, तोही लाल होतो आणि हसतो. थेट नाजूकावर मारली तर तो उठून जाईल आणि लग्नालाच भोक पडेल."

"तुम्ही तर जाड," मी दरबाराला म्हटलं, "म्हणून तुमच्यावर."

पण त्याचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. तो उठून उभा राहिला होता. "पुन्हा म्हण," तो बायकोला म्हणाला.

"काय?"

"जाडाला तापवायचं. पातळाला नुसती झळ."

आणि हा माणूस अर्धा पराठा ताटात टाकून दुकानात पळाला. मीही मागोमाग गेलो. त्यानं काडी पेटवली ती जाड अँगलवर. पत्र्याच्या कडेकडं गेलाच नाही. अँगल तापला, तिथं लोखंडाचा लाल थेंब जमला, तेव्हा त्यानं काडी जराशी कलती केली आणि त्या थेंबाचं नुसतं टोक पत्र्याला लागू दिलं. लगेच उचलली. चर्र. आम्ही दोघं थांबलो. फट् झालं नाही.

"मराठ्या, बघ रे. माझा धीर होत नाही."

मी पत्रा उजेडाला धरला. भोक नव्हतं. दरबारानं मला मिठी मारली आणि हातातल्या गरम चिमट्यानं माझा सदरा जाळला. म्हणजे त्या दिवशी मोरी पडली ती फक्त माझ्या सदऱ्याला.

पुढं त्याला चटक लागली. एक टाका इथं घालायचा, दुसरा पार पलीकडच्या टोकाला, म्हणजे एका जागी ऊब साचत नाही. मधे चहाचा घोट घ्यायचा. पत्र्याच्या पाठीला धरायला माझ्याकडची तांब्याची जाड पट्टी नेली, कारण तांबं ऊब पिऊन टाकतं आणि लोखंड त्याला चिकटत नाही. ती पट्टी मला अजून परत मिळालेली नाही. शेतातल्या मोटारी बंद व्हायची वेळ झाली की तो हात थांबवायचा. काम मुंगीच्या पावलानं चाललं होतं, पण प्रत्येक टाक्यावर तो पुटपुटायचा, "काकाला शिवी, पुतण्याला झळ. काकाला शिवी, पुतण्याला झळ." बाजाराला वाटलं, मिस्तरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

पेटी झाली. निळा रंग दिला, त्यावर नसीबोनं दोन मोर काढून घेतले. कडीकोयंड्याची जाड पट्टी पातळ पत्र्यावर अशी बसली होती की जणू त्यातूनच उगवली. खरं सांगतो, त्या माणसाचा मला अभिमान वाटला. त्याला मात्र सांगितलं नाही, कारण आधीच त्याची मान ताठ झाली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे ट्रॉलीत बसून निघालो. मी जातीनं मराठा, पण नानक्यांत मोजलेला. बहिणीच्या दारात घरच्या बायका फळी धरून उभ्याच होत्या आणि मधोमध बचिंत कौर. उंच, रुंद, पांढरी चुनरी. पेटी अंगणात उतरवली. त्या घरात रीत होती की आहेराच्या पेटीची किल्ली घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं चुनरीच्या टोकाला बांधायची. दरबारानं किल्ली तिच्या हातात दिली. तिनं गाठ मारली आणि पेटीभोवती फिरायला लागली.

"मिस्तरी, या वेळी मोर आणलेस. मागच्या वेळी उंदीर होते."

"बघा बीबी, सावकाश बघा," दरबारा म्हणाला.

तिनं पायांपाशी बोट फिरवलं. कोपऱ्यांत नख घातलं. मग बादलीभर पाणी आत ओतायला लावलं. थेंब गळला नाही. पेटी पालथी करून पुसून घेतली आणि म्हणाली, "पाण्याला काय, रंग अडवतो. उजेड कुणाला ऐकत नाही. मी आत बसते. झाकण लावा. टाचणीएवढी मोरी असली तरी आतून तारा दिसेल."

"बीबी, या वयात?" दरबाराची बहीण म्हणाली.

"तू गप्प. पिंपातलं पीठ मी चाळलंय, तू नाही."

खाट लावली, तिच्यावर चढून बचिंत कौर पेटीत उतरली, गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि वरून झाकण लागलं. दरबारानं डोळे मिटले. नवरीमुलगी रूपी मेंदीचे हात तसेच धरून मामाशेजारी येऊन उभी राहिली.

मग आतून आवाज आला. "काळोख आहे."

"काय म्हणाली?" दरबारानं मला विचारलं.

"मोरी नाही," आतून आवाज आला, जरा नाराजीनं.

दरबाराच्या डोळ्यांतून पाणी आलं. हे एवढंच झालं असतं तर गोष्ट इथं संपली असती. पण नसीबो गप्प बसणारी नव्हती. इतक्या वर्षांचा हिशेब तिच्याही मनात होता. ती पुढं झाली, कडीत अडकवलेलं कुलूप बोटानं दाबलं, खट्ट.

"बीबी, बाहेर नीट ऐकू आलं नाही. आता बोलीत म्हणा. नानक्यांचं कौतुक करा, मग उघडते."

आमच्या बाजूच्या बायकांनी अशी काही टाळ्यांची गर्दी केली की गल्लीतली कुत्री पळाली. आतून पेटीवर बुक्क्या बसल्या. "नसीबो! तुझ्या सात पिढ्यांवर बोली रचीन!"

"रचा ना. तिथं निवांत आहे."

खूप हसून झालं. मग नसीबोनं मागं हात केला. "आणा गं किल्ली."

कुणी हललं नाही.

"किल्ली?" दरबाराची बहीण म्हणाली. "किल्ली तर बीबीच्या चुनरीला."

मग सगळे एकदम बोलायला लागले. एकानं कुलपावर हातोडा घातला. पेटी आतून अशी घुमली की बचिंत कौर ओरडली, "माझे कान फोडता का रे, मेल्यांनो!" दुसऱ्यानं कोयंड्यात पहार घालून जोर लावला. पहार वाकली. कोयंडा जागचा हलला नाही आणि पातळ पत्राही फाटला नाही. माझं लक्ष दरबाराकडं गेलं. इतक्या गोंधळात त्याच्या मिशीखाली हसू येत होतं.

"हसता काय?" नसीबो रडकुंडीला आली होती. "एवढं घट्ट कशाला केलंत?"

झाकणाच्या खाली दुमडलेल्या कडेआडच्या फटीतून उजेड नाही, पण हवा आत जात होती, म्हणून जिवाची भीती नव्हती. पण फट दोऱ्याएवढी, किल्ली काही तिच्यातून येईना. बचिंत कौरनं आतून खूप खटपट केली. मग तिचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

"दरबारा."

"जी, बीबी."

"मोरी कर."

"काय?"

"मोरी कर रे बाबा, एक मोरी कर! किल्ली बाहेर ढकलते."

सगळं अंगण दरबाराकडं बघत होतं. लाइटिंगवाल्याकडं ड्रिल होतं, ते कुणीतरी त्याच्या हातात आणून दिलं. त्यानं कोयंड्याशेजारी बिट टेकवलं आणि तो तसाच उभा राहिला. सगळी थंडी त्यानं त्या पत्र्यासाठी घालवली होती. त्याचा हात दाबेना. मला त्याचं दुःख कळत होतं आणि तरी हसूही आवरत नव्हतं.

"मामा," रूपी हळूच म्हणाली, "फुकट नका करू. बोली मागा."

दरबारानं बिट मागं घेतलं. छाती पुढं काढली. "बीबी, एका कोपऱ्यात सरका. करतो. पण आधी म्हणा."

आणि खरंच, त्या लोखंडातून घुमत आवाज आला. बाई शेवटी कसलेली. अडकलेली असली तरी सूर सोडला नाही:

"नानके आले दारात गं, पेटी त्यांची भारी,
मोरी मागते बचिंत कौर, ऐका दुनिया सारी!"

अंगणानं ते डोक्यावर घेतलं. घरच्या बायकांनीसुद्धा. दरबारानं ड्रिल दाबलं आणि गोल, स्वच्छ मोरी पडली. तिच्यातून आधी किल्ली आली. किल्लीमागोमाग एक बोट आलं आणि दरबाराच्या दिशेनं धमकी दिल्यासारखं हललं.

बचिंत कौर बाहेर आली ती घामानं निथळत. पाणी प्यायली, चुनरी सावरली, नसीबोकडं एकदा बघितलं आणि तिला असा चिमटा काढला की नसीबोचा दंड आठवडाभर निळा होता. मग दोघी गळ्यात गळे घालून हसत सुटल्या.

मोरी बुजवून देतो, दुकानात घेऊन जातो, असं दरबारा म्हणत होता. रूपीनं ऐकलं नाही. "राहू दे मामा. सासरी कुणी विचारलं ना, की सांगेन. पहिल्याच दिवशी सगळे हसतील. मला तिथं कुणी ओळखीचं नाही." हे ऐकल्यावर दरबारा अंगणाच्या मागं गेला आणि बराच वेळ पगडी नीट करत उभा राहिला.

व्हायचं ते झालंच. लग्नाला आलेल्या माणसांनी ही गोष्ट गावोगाव नेली. महिन्याभरात गिऱ्हाइकं यायला लागली. "तीच पेटी पाहिजे, मिस्तरी. कुठंही मोरी नसलेली. आणि कोयंड्यापाशी मोरी असलेली." कुणी त्याला दरबारा म्हणेना. सुरुवातीला तो ओरडायचा. मग एक दिवस त्यानं रंगाऱ्याला बोलावलं आणि स्वतःच पाटीवर लिहून घेतलं: मोरीवाले, पेट्यांचे खास कारागीर. "लोक म्हणणारच आहेत," तो मला म्हणाला, "तर निदान अक्षर तरी चांगलं असू दे."

पाटीचा रंग वाळला नव्हता तोवर बचिंत कौर आली. टांग्यातून उतरली, पाटीखाली उभी राहिली. तिनं ती कुणाकडून तरी वाचून घेतली. दरबारानं हात जोडले. मी माझी भट्टी सोडून दारात आलो.

"नातीचं लग्न काढलंय," ती म्हणाली. "पेटी कर. मोरी जरा वर ठेव, तोंडाजवळ येईल अशी. मागच्या वेळी मान अवघडली."

"बीबी, पुन्हा आत बसणार?"

"मग?" ती म्हणाली. "दुसरी कुठं मोरी नाही, हे बघणार कोण?"